पाण्यात पाहणं

हायसन ग्रीनच्या दुकानात शुक्रवारी अळू येतं,
केनियाहून, कडा थोड्या करपलेल्या.
नळाखाली धरलं की पाणी त्यावर ठरत नाही,
थेंब गोल होतो, पारा होतो, बेसिनमध्ये जातो.
परवा एकटीच हसले स्वयंपाकघरात.
दिवसभर मी दुसरं काय करते?

आमचं औषध पांढरं, पिठूळ, गुणाचं.
फुप्फुसातल्या बुरशीवर चालतं.
पण पाण्याला पाण्यात पाहतं.
पिंपभर पाण्यात मुंगीच्या पायाएवढं विरघळेल,
उरलेलं तळाशी बसून राहील,
पंगतीत रुसलेल्या व्याह्यासारखं.
आणि रक्त म्हणजे शेवटी पाणीच, बरंचसं.

म्हणून त्याला पॉलिमरचा अंगरखा घालायचा.
पाण्याला भिणारं टोक आत, पाण्यात रमणारं बाहेर.
कण एवढा बारीक
की एका केसाच्या जाडीत सातआठशे
शेजारी शेजारी झोपतील.
फळ्यावर काढलं तेव्हा सोपं वाटलं होतं.

पहिले चार महिने मी थेंब थेंब सोडत होते
लहानपणापासून शिकवलं तसं, घाई न करता.
रात्री दुधी, सकाळी तळाशी सुया.
सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक: देखणे, निरुपयोगी.
आणि कणांच्या आत?
घातलेल्या शंभरातले चार.
खुळखुळा करंजी.
कानाशी धरून हलवावी
आणि सारण कुठे गेलं म्हणून डबे धुंडाळावेत.

"हळू मिसळलंस तर त्याला विचार करायला वेळ मिळतो,"
ग्लेनिस म्हणाली. "वेळ देऊ नकोस."
तीस वर्षं ती या इमारतीत काच धुते, यंत्रं जुळवते,
मार्चमध्ये निवृत्त होणार,
तिच्या नावाचा एकही निबंध नाही.
कपाटाच्या तळातून तिनं स्टीलचा ठोकळा काढला:
समोरासमोर दोन भोकं, मध्ये हरभऱ्याएवढी पोकळी.
एका सिरिंजमध्ये ॲसिटोन, त्यात औषध, त्यात पॉलिमर.
दुसरीत पाणी.
दोघींनी एकदम दाबायचं.
ती वेल्शमध्ये मोजते: ईन, दाय, त्री —

पापणीच्या शंभराव्या हिश्श्यात टक्कर.
हे पाणी आहे, असं औषधाला कळायच्या आत
अंगरखा चढलेला.

खाली बीकरमध्ये निळसर झाक,
दुधाच्या रिकाम्या पेल्यात पाणी घातलं की येते तशी.

सकाळी सुया नाहीत.
दुसऱ्या सकाळी नाहीत.
नवव्या दिवशीही नाहीत. बाहेर गारा, ट्राम बंद,
मी लेंटनहून चालत आले, बूट ओले,
आणि यंत्रानं आकडा दिला: एकाहत्तर.

प्रोफेसर ब्रेथवेटनी ईमेलमध्ये "सुंदर" लिहिलं
आणि लिस्बनला गेले.
मी वहीत एकोणतीस लिहून खाली रेघ मारली.
गाळलेल्या पाण्यात तीन. बीकरच्या भिंतीवर दोन.
चोवीस कुठे?
तीनदा मोजलं. चोवीस.
हरवलेल्या पैशांसारखं मी त्यांना रात्री आठवत राहिले,
पगार हातात असूनही.

ग्लेनिसनं काही विचारलं नाही.
कात्री घेतली,
ठोकळ्याखालची बाहेर पडायची रबरी नळी
उभी चिरली, गांडूळ चिरावं तशी,
आणि बशीत ॲसिटोन ओतून भिजत टाकली.
अर्ध्या तासानं यंत्राच्या पडद्यावर
आमच्या औषधाचा डोंगर उगवला.
बावीस.
जिथून रोज जात होतं तिथेच चिकटून बसलेलं,
रबराच्या कुशीत, पाण्यापासून लांब.
त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

शनिवारी अळूवड्या केल्या.
पीठ पानाच्या पाठीला लावायचं असतं,
शिरांच्या बाजूला. तिथे धरतं.
डब्यातल्या चार ग्लेनिसनं उभ्या उभ्या खाल्ल्या,
घसा खाजतो का म्हणून घाबरत.

नळी आता स्टीलची मागवलीय.
दोन अजून सापडलेले नाहीत.
वहीत त्यांची जागा कोरी ठेवलीय.